फरशी वाळेपर्यंत राजवाडा

हिंगणघाटच्या दत्तोपंतांनी उभी हयात शाळेत इतिहास शिकवला. राजे गादीवर बसवले, राजे गादीवरून उठवले, तहाच्या कलमांवरून पोरांना बाकावर उभं केलं. पण एखादा राजवाडा मुद्दाम गाडी काढून पाहायला जावं असं त्यांना कधी वाटलं नाही. नागपूर, म्हणजे राज्याची उपराजधानी, त्यांच्या घरापासून दीड-दोन तासांच्या रस्त्यावर. पण हिंगणघाटचा माणूस नागपूरला जातो तो दवाखान्यात, कोर्टात किंवा लग्नाचा बस्ता बांधायला. तिथल्या राजेलोकांच्या बागा आणि महाल पाहायला कोणी निघाला, तर त्याच्या घरी काहीतरी बिनसलेलं असावं असं समजायला हरकत नाही. दत्तोपंतांच्या घरी बिनसलं होतं. न्हाणीघर बिनसलं होतं.

त्याचं असं झालं, की त्यांच्या सुश्रुतचं लग्न जुळत आलं होतं. सुश्रुतचा गावातच छोटा दवाखाना होता. मुलगी वेदश्री, पुण्याची, डोळ्यांची डॉक्टर. लग्नानंतर हिंगणघाटला येऊन इथल्या लोकांचे डोळे तपासायची तिची तयारी होती. पोरांनी आपसांत सगळं ठरवलं होतं आणि आता मोठ्यांनी फक्त मान डोलवायची होती. पण मुलीचे वडील धनंजयराव आणि आई नमिताताई यांनी मान डोलवण्यापूर्वी एक अट घातली, अट म्हणण्यापेक्षा इच्छा म्हणा, की एकदा येऊन घर पाहून जातो.

घर पाहायला पाहुणे येणार म्हटल्यावर दत्तोपंतांनी स्वतःच्या घराकडे पाहुण्यांच्या नजरेने पाहिलं. ही नजर फार वाईट. ज्या घरात माणूस तीस-पस्तीस वर्षं सुखाने राहिला, त्या घराचे पोपडे त्याला एका सकाळीत दिसतात. दत्तोपंतांना दिसली ती न्हाणीघराच्या कोपऱ्यातली एक हलणारी फरशी. ती हलते हे घरच्या सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे तिच्यावर पाय न देता अंघोळ करत. पण नमिताताईंना हे आधी सांगणार कोण?

म्हणून त्यांनी रत्नदीप मिस्त्रीला बोलावलं. काम एका फरशीचं. रत्नदीप उकिडवा बसला, फरशीवर बोटाने टकटक केलं आणि म्हणाला, "सर, एक फरशी बसवाले काई वेळ नाई लागत. पन खाली पाहून घेऊ."

या 'पाहून घेऊ'ने पुढचा सगळा घोटाळा केला. फरशी काढली तर खाली ओल. ओल कुठून येते म्हणून शेजारची काढली. तिच्याखाली जास्त ओल. मग ओलीच्या मागे मागे जात रत्नदीप भिंतीपर्यंत पोचला आणि भिंतीत शिरला. समोरच्या विमलाबाई धुणं वाळत घालता घालता येऊन पाहून गेल्या आणि म्हणाल्या, की उकरलंच आहे तर घसरणार नाहीत अशा फरश्या लावा. शेजारचे महादेवराव मूळचे आंजीचे शेतकरी, मुलांच्या शिक्षणासाठी हिंगणघाटला घर केलेले. ते म्हणाले, भिंत अर्धी कायले फोडता, पूर्ण फोडा, नळ तरी सरळ जाईन. गल्लीच्या कोपऱ्यावर राहणारे पोस्टातले निवृत्त बाबू खास चहाच्या वेळेवर आले आणि खांद्याइतक्या उंचीपर्यंत टाइल्स लावल्याशिवाय पुण्याची माणसं न्हाणीघराला न्हाणीघर म्हणत नाहीत, असं सांगून गेले. दत्तोपंतांनी प्रत्येकाचं ऐकलं. परिणाम असा झाला, की पाहुणे रविवारी सकाळी येणार आणि गुरुवारी न्हाणीघराच्या जागी एक खड्डा, दोन पाइप आणि आकाशाकडे पाहणारी एक तोटी.

"रविवारी संध्याकाळपर्यंत फिट करून देतो," रत्नदीप म्हणाला. "पन रातभर कोनी पाय नका ठेवू."

दत्तोपंतांच्या पत्नी इंदिराबाईंचं म्हणणं साधं होतं. पाहुण्यांना सांगून टाकावं, की काम काढलं आहे. मागच्या अंगणात मोरी आहे, पडदा लावू, गरम पाणी देऊ. दत्तोपंतांना ते ऐकवेना. मुलीचे आईवडील एवढ्या लांबून पहिल्यांदा घरी यावेत आणि आपण त्यांच्या हातात बादली देऊन त्यांना अंगणात पाठवावं, हे चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे येई आणि ते डोळे मिटून घेत. रविवारचा दिवस बाहेर काढायचा, एवढाच प्रश्न होता. सेवाग्राम आणि पवनार पाहुण्यांनी पूर्वी एकदा पाहिलं होतं. तेव्हा दत्तोपंतांमधला इतिहासाचा मास्तर जागा झाला.

त्यांनी धनंजयरावांना फोन लावला आणि सांगितलं, की आमच्या भागात राजेलोकांच्या बागा आणि महाल पाहण्यासारखे आहेत, ते पाहिल्याशिवाय इकडे आलात असं होणार नाही. तेव्हा वर्ध्याला उतरू नका, गाडी तशीच नागपूरला जाते, तिथे उतरा.

"पण वर्धा आधी येतं ना?" धनंजयरावांनी विचारलं.

"येतं. येऊ द्या. तुम्ही बसून राहा."

धनंजयराव पुण्याच्या महापालिकेतून अभियंता म्हणून निवृत्त झाले होते. कमी बोलणारा माणूस. फोनवर ते नुसतं बरं म्हणाले. दत्तोपंतांना त्या 'बरं'मध्ये पुणं ऐकू आलं आणि त्यांनी मनाशी ठरवलं, की आता यांना राजवाडा दाखवायचाच.

नागपुरातल्या दोन बागा ठरल्या. परतीच्या वाटेवर, जिल्ह्याची हद्द लागते तिथे आतल्या रस्त्याला राणीखेडा नावाचं गाव आहे आणि त्या गावाला राणीबाग म्हणून जुनी बाग आणि दुमजली महाल आहे, हे त्यांना ऐकून माहीत होतं. तो कोणी बांधला याबद्दल दुमत होतं आणि कोणत्या राणीसाठी बांधला याबद्दल तर मतच नव्हतं. पण महाल आतून पाहायला परवानगी लागते असं कळलं, म्हणून त्यांनी शुक्रवारचा सगळा दिवस फोनवर काढला होता. पहिल्या कार्यालयाने सांगितलं, की बाग आमची, महाल आमचा नाही. दुसऱ्या कार्यालयाने सांगितलं, की महाल आमचा, पण वर जाणारा जिना बाहेरून आहे, त्यामुळे तो बागेत मोडतो. दत्तोपंतांनी विचारलं, की मग माणसाने वर जायचं कसं? त्यावर पलीकडच्या बाई म्हणाल्या, की वर गेल्यावर काही अडचण आली तर आम्हाला कळवा. ही परवानगीच आहे, असं दत्तोपंतांनी इंदिराबाईंना सांगितलं.

गाडी महादेवरावांनी काढली. त्यांना कोणी विचारलं नव्हतं. दत्तोपंत भाड्याच्या गाडीची चौकशी करत असताना ते फाटकाशी उभे राहून ऐकत होते आणि त्यांना त्याचं फार वाईट वाटलं. "माही बोलेरो उभी असून तुमी गाडी भाड्यानं पाहून राह्यले, सर? सोयऱ्याले न्यायचं आहे, मी नेतो." बोलेरोत मागच्या बाजूला सरकीच्या ढेपेचं एक पोतं होतं. ते उतरवायला वेळ नाही, असू द्या, वजन राह्यलं म्हणजे गाडी उसळत नाई, असं ते म्हणाले. घरी रत्नदीपवर लक्ष ठेवायचं काम विमलाबाईंनी घेतलं आणि दर थोड्या वेळाने फोन करून कळवायचंही त्यांनी स्वतःहूनच घेतलं.

सुश्रुत दवाखान्यात होता, म्हणून नागपूर स्टेशनवर महादेवरावांबरोबर दत्तोपंत आणि इंदिराबाईच गेले. पाहुणे उतरले. नमिताताई प्रवासाने दमल्या होत्या आणि त्यांना घरी जाऊन आधी अंघोळ करायची होती. ही गोष्ट त्यांनी फलाटावरच सांगितली. दत्तोपंत म्हणाले, की अंघोळीचं काय, ती कुठेही होते, बागा सकाळच्याच पाहाव्यात. इंदिराबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं आणि नमिताताईंना स्टेशनच्या विश्रांतीगृहात नेऊन हातपाय धुवून आणलं.

पहिल्या बागेत त्यांनी पिंजऱ्यातला वाघ पाहिला. तो झोपलेला होता. दुसऱ्या बागेत झाडं चांगली होती, सावली चांगली होती आणि दत्तोपंत बोलत चांगले होते. इथे राजे हवा खायला येत, इथे हत्ती बांधत, इथून पालखी जाई. धनंजयराव हात मागे बांधून ऐकत होते. एकदाच त्यांनी खाली वाकून कारंज्याचा पाइप पाहिला आणि पुन्हा सरळ उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरून त्यांना काय वाटतं हे कळेना. दत्तोपंतांना वाटलं, माणूस आपल्या बागांची पुण्याच्या बागांशी तुलना करतो आहे. म्हणून त्यांनी राजांचे हत्ती आणखी वाढवले.

मधूनमधून विमलाबाईंचा फोन येई. रत्नदीप आला. रत्नदीप चहाला गेला. फरशी निळी आली आहे, तुम्ही पांढरी म्हणाला होता ना? दत्तोपंत पाहुण्यांकडे पाठ करून "हो, हो, निळीच शोभते, राजेशाही रंग आहे" असं सांगत. नमिताताईंनी विचारलं, कोणाचा फोन? तर म्हणाले, इतिहासाबद्दलच आहे. अशाने दुपारपर्यंत त्यांच्या फोनची बॅटरी संपली आणि तो महादेवरावांनी गाडीत चार्जिंगला लावला.

महाल नावाच्या वस्तीतही जायचं होतं. पण रविवारच्या बाजाराने रस्ता भरला होता, बोलेरो उभी करायला जागा मिळेना आणि महादेवरावांनी त्याच चौकाला एवढ्या फेऱ्या मारल्या, की एक फुगेवाला त्यांना ओळखून हसायला लागला. शेवटी धनंजयराव म्हणाले, "आपण घरी जायचं का?"

हे त्यांनी सकाळपासून तिसऱ्यांदा विचारलं होतं. दत्तोपंतांनी विमलाबाईंचा शेवटचा निरोप आठवला. निम्म्या फरश्या व्हायच्या होत्या. ते म्हणाले, "घरी तर जायचंच आहे. वाटेत राणीबाग आहे."

राणीखेड्याला पोचले तेव्हा उन्हं चांगली तापली होती. बागेच्या दगडी कमानीवर झेंडूच्या माळा होत्या, दोन्ही बाजूंना प्लास्टिकचे हत्ती सोंड वर करून उभे होते आणि आत लग्न होतं. बागेचा लॉन लग्नकार्यासाठी भाड्याने देतात, ही माहिती शुक्रवारच्या फोनमध्ये कोणी दिली नव्हती. दत्तोपंत कमानीतच थबकले. बिनबोलावता कोणाच्या लग्नात शिरणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. पण त्यांनी तत्त्व नीट आठवायच्या आतच कमानीतल्या दोन मुलींनी सगळ्यांवर गुलाबपाणी शिंपडलं आणि एका माणसाने धनंजयरावांच्या डोक्याला फेटा बांधायला घेतला. धनंजयराव नको नको म्हणत होते. तो माणूस म्हणाला, पोरीकडचे आहा का पोराकडचे?

"पोरीकडचे," महादेवराव म्हणाले. एका अर्थी ते खरंच होतं.

मग दत्तोपंतांनाही फेटा बांधला गेला. महादेवरावांनी बायकांना सांगितलं, की आता आलोच आहोत तर जेवून घेऊ, उपाशी गेलो तर लग्नघरचे लोक नाराज होतील. नमिताताईंना भूक लागली होती. कोथिंबिरीच्या सांबारवडीचा आणि वडाभाताचा वास येत होता. त्या इंदिराबाईंबरोबर मुकाट्याने मांडवाकडे गेल्या. दत्तोपंतांना मात्र जेवण दिसत नव्हतं, महाल दिसत होता. झाडांच्या मागे, दुमजली, रंग उडालेला, वर पुढे आलेला लाकडी सज्जा. दिवसभरात पहिल्यांदाच खऱ्याखुऱ्या राजवाड्यासारखं काहीतरी समोर आलं होतं. त्यांनी धनंजयरावांना म्हटलं, चला, गर्दी आहे तोवर आपण वर जाऊन बघून येऊ.

जिन्याच्या खालचं फाटक उघडं होतं. वरच्या दाराशी अण्णाजी नावाचा चौकीदार स्टुलावर बसला होता. दत्तोपंतांनी त्याला महाल कधीचा ते विचारलं. अण्णाजी म्हणाला, मले नाई माईत, मी नवीन आहो. हा सज्जा कोणासाठी? मले नाई माईत, मी नवीन आहो. किती दिवस झाले इथे? अकरा वर्षं झाले, म्हणाला. त्याने दार उघडून दिलं, जेवून येतो म्हणाला, आणि चोरी होऊ नये म्हणून बाहेरून कुलूप लावून गेला. वर माणसं आहेत हे त्याला माहीत होतं. आत्ताच तर त्याने आत सोडली होती. पण कुलूप लावायचं ही त्याची नोकरी होती.

कुलपाचा आवाज दत्तोपंतांनी ऐकला, पण ते तेव्हा राणीच्या दालनात उभे राहून राणीबद्दल बोलत होते आणि थांबणं शक्य नव्हतं. दालनात मोडकी टेबलं, गंजलेली कपाटं आणि कबुतरं होती. बोलणं संपल्यावर ते दाराशी गेले आणि त्यांनी दार ढकललं. मग पुन्हा ढकललं. मग ते धनंजयरावांकडे वळून म्हणाले, "जुनं सागवान आहे."

"कुलूप आहे," धनंजयराव म्हणाले.

धनंजयरावांचा फोन नमिताताईंकडे होता. त्या सकाळपासून त्याच्यावर बागांचे फोटो काढत होत्या. दत्तोपंतांचा गाडीत. खाली डीजे सुरू झाला होता आणि त्यापुढे आरोळीचा काही उपयोग नव्हता. दोघं सज्जात आले. खाली सगळा मांडव दिसत होता. दत्तोपंतांनी हात हलवले. खालच्या एक-दोघांनीही आनंदाने हात हलवले. धनंजयरावांनी खिशातला रुमाल काढून हलवला, तेव्हा आणखी काही लोकांनी रुमाल हलवले. मग भुंग्यासारखी घरघर आली आणि लग्नाचं चित्रीकरण करणारा ड्रोन थेट त्यांच्यासमोर येऊन हवेत उभा राहिला. दोघांनी त्याला जीव तोडून खुणा केल्या: दार, कुलूप, खाली, या. ड्रोन जरा मागे सरकला, सगळा सज्जा नीट चौकटीत घेतला आणि पुन्हा जवळ आला.

स्टेजशेजारी मोठा पडदा होता. त्याच्यावर आता ते दोघं दिसत होते, फेटे बांधलेले, मागे कोरीव खांब, पुढे आलेले हात. सूत्रसंचालकाने माइक घेतला. मंडळी, म्हणाला, वर पाहा, राजवाड्याच्या सज्जातून आपल्या घरची वडीलधारी मंडळी नवरानवरीला आशीर्वाद देऊन राह्यली आहेत. डीजे थांबला. आता ओरडलं असतं तर ऐकू गेलं असतं. पण खाली नवरानवरी दोघंही वाकून नमस्कार करत होती, नवरीची आई डोळे पुसत होती, आणि सगळा मांडव मान वर करून पाहत होता. अशा वेळी, अहो आम्ही अडकलो आहोत, असं कोणत्या तोंडाने म्हणायचं? दत्तोपंतांनी हात उंचावला आणि आशीर्वाद दिला. क्षणभर थांबून धनंजयरावांनीही दिला. टाळ्या झाल्या. डीजे पुन्हा सुरू झाला. ड्रोन निघून गेला.

दोघं सज्जातल्या लाकडी फळीवर बसले. धनंजयरावांनी फेटा काढून मांडीवर ठेवला.

"दत्तोपंत," ते म्हणाले, "एक विचारतो. तुम्ही आम्हाला घर का दाखवत नाही?"

राजांबद्दल काही बोलावं तर सगळे राजे दिवसभरात वापरून झाले होते. दत्तोपंत म्हणाले, "दाखवतो ना. आज संध्याकाळी."

"आम्ही सकाळपासून विचारतोय. नमिताला वाटतंय, की तुमच्या मनात हे लग्न नाही. मला वाटतंय, घरी काहीतरी आहे. कोणी आजारी आहे का? भांडणं आहेत? एकुलती मुलगी आहे हो आमची. उठून इतक्या लांब येणार. महाल कसे आहेत ते पाहून आम्ही काय करू?" त्यांचा आवाज चढला नव्हता. उलट खाली गेला होता. "ती कुठल्या खोलीत झोपेल, तिला रात्री बरं वाटलं नाही तर कोण उठेल, एवढंच पाहायचं होतं. आईवडिलांचं हे असलंच असतं."

दत्तोपंतांना स्वतःची फार लाज वाटली. दिवसभर ज्याला ते पुण्याचा ताठा समजत होते, ती एका बापाची काळजी होती. त्यांनी आपला फेटाही काढला. म्हणाले, "घरात आजारी कोणी नाही. न्हाणीघर उकरलं आहे."

"काय?"

"न्हाणीघर. एक फरशी हलत होती. तुम्ही येणार म्हणून बसवायला काढली, खाली ओल निघाली, तिच्या मागे लागलो तर भिंत गेली. आज संध्याकाळपर्यंत होईल म्हणून तुम्हाला फिरवत होतो."

धनंजयरावांच्या चेहऱ्यात दिवसभरात पहिल्यांदा काहीतरी हललं.

"ओल कोणत्या बाजूला होती?"

"दाराच्या."

"आणि नाली?"

"समोरच्या कोपऱ्यात."

"म्हणजे उतार उलटा आहे," धनंजयराव म्हणाले आणि सरसावून बसले. "पाइप बदलून काय होणार? जुना सांधा लोखंडी आहे का? वॉटरप्रूफिंग किती थरांचं केलं? मिस्त्रीने पातळी लावली का नुसतं डोळ्यांनी पाहिलं?" त्यांनी खिशातून पेन काढलं आणि फळीवरच्या धुळीत नाही, स्वतःच्या तळहातावर न्हाणीघर काढलं. दत्तोपंतांनी दार कुठे, खिडकी कुठे ते बोटाने दाखवलं. एका राजवाड्याच्या सज्जात बसून दोन निवृत्त माणसं एका न्हाणीघराबद्दल इतकी मनापासून बोलत होती, की आपण अडकलो आहोत हे ती बहुधा विसरली होती.

मध्येच धनंजयराव थांबले आणि म्हणाले, "तिला इथे करमेल का हो?"

दत्तोपंत लगेच हो म्हणणार होते. सकाळी विचारलं असतं तर म्हणालेही असते. "मे महिन्यात नाही करमणार," ते म्हणाले. "मे महिन्यात आम्हालाही करमत नाही. बाकीचे दिवस आहेत बरे. पण एक सांगतो. सुश्रुत रात्रीचा उशिरा येतो, तरी आमच्याकडे तो एकटा कधी जेवला नाही. इंदिरा ताटापाशी बसलेली असते. तुमच्या मुलीच्या ताटापाशीही बसेल. मीही बसेन, पण मी फार बोलतो, ते तिला सोसावं लागेल."

"ते आम्ही आज सोसलं," धनंजयराव म्हणाले, आणि दोघंही हसले.

इकडे खाली इंदिराबाईंनी पडद्यावर आपला नवरा पाहिला होता. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी त्याला कधी कोणाला हात उंचावून आशीर्वाद देताना पाहिलं नव्हतं; चेहरा आशीर्वादाचा नव्हता, अडचणीचा होता. त्या हातातला घास ठेवून उठल्या आणि महादेवरावांना घेऊन जिन्याशी आल्या. तोवर पोरं वर जाऊन धिंगाणा घालतात म्हणून लॉनवाल्यांनी खालच्या फाटकालाही कुलूप घातलं होतं. अण्णाजी पंगतीत सापडला. तो पोळीवर तूप वाढून घेत होता. म्हणाला, वरचं कुलूप माह्याकडं आहे, खालचं लॉनवाल्याकडं, आमचा त्याचा काही संबंध नाई. लॉनचा मॅनेजर म्हणाला, खालचं उघडून देतो, पण वरची जबाबदारी माझी नाही. महादेवरावांनी एकाचा उजवा आणि दुसऱ्याचा डावा हात धरला आणि दोघांना जिन्यापर्यंत चालवत आणलं. "दोन्ही खातेवाले सोबत चला," ते म्हणाले. "वर आमचे सोयरे अडकून राह्यले."

दार उघडलं तेव्हा धनंजयराव तळहात पुढे करून बोलत होते आणि दत्तोपंत मान डोलवत होते. इंदिराबाईंना वाटलं, यांनी हात पाहायला कधी सुरुवात केली?

नवरीच्या वडिलांना कोणीतरी सांगितलं असावं, की सज्जातली मंडळी खाली आली. ते धावत आले, पाया पडले आणि जेवल्याशिवाय जाऊ देईनात. दत्तोपंतांनी त्यांना खरं सांगायचा प्रयत्न केला. आपण कोणीच नाही, असं ते दोनदा म्हणाले. नवरीचे वडील म्हणाले, असं कसं म्हनता काका, आणि त्यांनी स्वतः वाढलं. धनंजयराव चार घास खाऊन उठले. त्यांना घाई होती. "सिमेंट घट्ट व्हायच्या आत पोचलं पाहिजे," ते म्हणाले.

महादेवरावांनी बोलेरो हाणली. ढेपेच्या पोत्यामुळे ती खरंच उसळली नाही. हिंगणघाटला पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. दारात विमलाबाई उभ्या होत्या. त्यांनी मोठ्या अभिमानाने सांगितलं, की झालं, सगळं झालं, रत्नदीप आत्ताच गेला, फक्त सकाळपर्यंत आत पाय ठेवायचा नाही. न्हाणीघराच्या दारात जमिनीवर आडवी फळी टाकलेली होती. आत निळ्या फरश्या दिव्यात चकाकत होत्या. दत्तोपंतांना क्षणभर वाटलं, की असं न्हाणीघर त्या राणीच्या नशिबातही नसेल.

धनंजयरावांनी बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, आणि आत पाय न ठेवता फळीवर आडवे झाले. त्यांनी तांब्याभर पाणी मागितलं आणि फरशीच्या मधोमध हळूच ओतलं. सगळे वाकून पाहत होते. पाणी थोडं थांबलं, विचार केल्यासारखं, आणि मग नालीकडे पाठ करून सरळ दाराकडे आलं.

"फोडावं लागेल," धनंजयराव म्हणाले.

दत्तोपंतांनी भिंतीला हात टेकला. विमलाबाई घाईने म्हणाल्या, की पातळीचं मला कोणी सांगितलं नव्हतं. नमिताताई मात्र मघापासून तिथे नव्हत्या. इंदिराबाईंबरोबर त्या घर पाहत फिरत होत्या. त्यांनी वरची खोली पाहिली, खिडकी उघडून पाहिली, स्वयंपाकघरात डबे कुठे ठेवता ते विचारलं. पाणी रोज येतं का, असंही विचारलं. इंदिराबाईंनी दिवसाआड येतं असं सांगितलं, आणि उन्हाळ्यात कधी दोन दिवसांआड, हेही सांगितलं. मग त्यांनी मागच्या मोरीला पडदा लावून पाणी तापवून दिलं आणि नमिताताईंची अंघोळ एकदाची झाली. ओले केस पुसत त्या न्हाणीघराच्या दाराशी आल्या, तेव्हा धनंजयराव अजून आडवेच होते आणि दत्तोपंत त्यांना समजावत होते, की दाराशी उंबरा उचलून घेतला तर फोडायची गरज नाही, पाणी आपोआप अडेल.

नमिताताईंनी आत डोकावून पाहिलं.

"उंबऱ्याने नाही भागायचं," त्या म्हणाल्या. "आमच्या वेदश्रीला अंघोळीला फार पाणी लागतं. आणि वरची टाकी लहान आहे. मोठी बसवून घ्या."

दत्तोपंत टाकीच्या बाजूने बोलायला लागले. टाकी चांगल्या कंपनीची होती, तिघांना पुरून उरत होती, आणि एवढ्या-तेवढ्यासाठी ती बदलायची म्हणजे...

इंदिराबाईंनी त्यांच्या दंडाला हात लावला. "अहो," त्या हळूच म्हणाल्या, "ते हो म्हणताहेत."

दत्तोपंतांनी नमिताताईंकडे पाहिलं. मग खाली आडव्या पडलेल्या धनंजयरावांकडे पाहिलं. धनंजयरावांनी फळीवरूनच मान डोलवली, जेवढी आडव्या माणसाला डोलवता येते तेवढी. दत्तोपंतांना काहीतरी मोठं, प्रसंगाला साजेसं बोलायचं होतं. त्याऐवजी त्यांनी चार्जिंगहून काढलेला फोन खिशातून घेतला आणि रत्नदीपला लावला.

"रत्नदीप," ते म्हणाले, "उद्या सकाळीच ये. पहार घेऊन ये. आमच्याकडे लग्न ठरलं आहे."